सिग्नल हिरवा होता, मग गाडी लूप लाइनला गेलीच कशी?

विचारलेला प्रश्न असा आहे: मोठा रेल्वे अपघात झाला की पहिल्या दिवशी 'चालकाची चूक', दुसऱ्या दिवशी 'घातपाताचा संशय' आणि तिसऱ्या दिवशी 'कवच (गाड्यांची टक्कर टाळणारी यंत्रणा) बसवलेलं नव्हतं' एवढंच कानावर येतं. खरी कारणं काय असतात? आणि अपघातानंतर सुरक्षितता वाढते की नुसती चौकशी होते?

माझी नोकरी सिग्नल खात्यात गेली, शेवटची काही वर्षं सेफ्टी शाखेत. त्यामुळे उत्तर सिग्नलच्या बाजूने सुरू होणार. आधीच सांगून टाकतो: चौकशी अहवाल वाचताना मला दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. एक, देखभालीला हक्काचा वेळ न मिळाल्यामुळे आडमार्गाने उरकलेलं काम. दुसरी, त्याच प्रकारची छोटी घटना आधी कुठेतरी होऊन गेलेली असते आणि तिचा गवगवा झालेला नसतो. लोको पायलट आणि स्टेशन मास्तर साखळीच्या शेवटच्या कडीला असतात, म्हणून ते आधी सापडतात.

बहानगा बाजार स्टेशनवरच्या अपघाताचंच घ्या. 2 जून 2023 ची संध्याकाळ, ओडिशातला बालासोर जिल्हा. कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाइनचा सिग्नल हिरवा. गाडी ताशी 128 किलोमीटरच्या आसपास. आणि ती थेट लूप लाइनवर, म्हणजे स्टेशनात गाडी बाजूला घ्यायच्या रुळावर, उभ्या असलेल्या लोहखनिजाने भरलेल्या मालगाडीवर गेली. इतकी जड मालगाडी जागची हलत नाही, त्यामुळे सगळा दणका प्रवासी डब्यांनी खाल्ला. फेकले गेलेले डबे शेजारून जाणाऱ्या यशवंतपूर-हावडा एक्सप्रेसच्या शेवटच्या डब्यांवर आदळले. 290 हून जास्त माणसं गेली.

आता सामान्य माणसाला वाटतं की सिग्नल हिरवा आणि सांधा (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा जोड) लूपकडे, म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलं असणार. कारण इंटरलॉकिंगचं सगळं शास्त्रच यावर उभं आहे की सांधा ज्या दिशेला बसला असेल त्याच दिशेचा सिग्नल मिळावा, दुसरा मिळूच नये. सांधा पूर्ण बसला, कुलूप लागलं, त्याचा विद्युत संकेत रिले रूमपर्यंत आला, तरच सिग्नल उतरतो, म्हणजे गाडीला जायची परवानगी मिळते. संकेत आला नाही तर सिग्नल लालच राहतो. बिघाड झाला तरी तो सुरक्षित बाजूला झुकावा, अशी रचना असते. पण ही रचना एका गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवते: तार ज्या सांध्याचा म्हणून संकेत आणते, ती त्याच सांध्याची आहे. तारच चुकीच्या टर्मिनलवर असेल तर यंत्र खोटं बोलत नाही, त्याला खोटं सांगितलेलं असतं.

रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालात हेच निघालं. स्टेशनच्या उत्तरेकडच्या सिग्नल गुमटीत (सिग्नलची यंत्रणा ठेवायच्या छोट्या खोलीत) पूर्वी केव्हातरी सर्किटमध्ये बदल केला गेला होता. बदल झाला, पण तारांवरची अक्षरं जुनीच राहिली. अपघाताच्या दिवशी 94 नंबरच्या फाटकाचं विजेवर चालणारं बॅरिअर बदलण्याचं काम चाललं होतं. लेबलावर भरवसा ठेवून जोडणी झाली आणि 17 ए/बी हा सांधा लूपकडे असताना पॅनेलवर तो मेन लाइनला दिसू लागला.

ज्यांनी लोकेशन बॉक्स उघडून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रुळाकडेला ते राखाडी लोखंडी कपाट असतं ना, त्याचं दार उघडलं की आत टर्मिनलच्या ओळी, त्यावर नखाएवढ्या लेबलांवर अक्षरं आणि आकडे, आणि दाराच्या आतल्या बाजूला किंवा फायलीत सर्किटचा नकाशा. उन्हात, धुळीत, पुढची गाडी कधी येते याकडे कान ठेवून काम करायचं. वीस वर्षांत त्या बॉक्समध्ये कितीजणांचे हात लागलेले असतात. नकाशावर दुरुस्तीची सही आहे पण बॉक्समध्ये दुरुस्ती नाही, किंवा उलट, हे प्रत्येक सिग्नल निरीक्षकाने पाहिलेलं असतं. म्हणूनच नियम असा की काम झाल्यावर नुसतं पॅनेल पाहायचं नाही. एक माणूस सांध्याजवळ उभा, एक पॅनेलवर. सांधा हलवून प्रत्यक्षातली आणि पॅनेलवरची स्थिती जुळते का ते पाहायचं. या तपासणीला वेळ लागतो. तोवर गाड्या थांबतात. आणि कंट्रोल ऑफिसमधून फोन येत राहतो, 'कितना टाइम?'

बहानगाच्या बाबतीत मला सर्वांत जास्त खटकलं ते वेगळंच. आधीच्या वर्षी, 16 मे 2022 ला, त्याच खडगपूर विभागात हावड्याजवळच्या बांकडा नयाबाज स्टेशनवर चुकीच्या तारजोडणीमुळेच गाडीला ठरल्यापेक्षा दुसरा मार्ग मिळाला होता. कुणी मेलं नाही. आयुक्तांनी स्पष्ट लिहिलं की त्या घटनेनंतर दुरुस्तीचे उपाय केले असते तर बहानगा झालंच नसतं. फेब्रुवारी 2023 मध्ये कर्नाटकात होसदुर्गा रोडला संपर्क क्रांती एक्सप्रेसच्या बाबतीत असाच प्रकार झाला. तिथे लोको पायलटने सांधा उलट बसलेला पाहिला आणि गाडी उभी केली. त्या रेल्वेच्या वरिष्ठ परिचालन अधिकाऱ्याने यंत्रणेत गंभीर दोष असल्याचं पत्र लिहिलं. पुढे चार महिन्यांच्या आत बहानगा. स्वतः बहानगात 17 ए/बी सांध्याचं वागणं विचित्र होतं, ते पुन्हा पुन्हा दिसत होतं आणि ते सिग्नलवाल्यांना कळवलं गेलं असतं तरी पत्ता लागला असता, हेही अहवालात आहे.

कळवलं का जात नाही? कारण कळवणाऱ्याचाच जबाब आधी घेतला जातो. 'तू काय केलंस?' हा पहिला प्रश्न. गाडी पंधरा मिनिटं खोळंबली तर तिचा हिशेब रोज सकाळी विभागाच्या बैठकीत मागितला जातो. टळलेल्या अपघाताचा हिशेब कुणी मागत नाही.

'चालकाची चूक' म्हणतात त्याचं ताजं उदाहरण रंगापाणीचं आहे. 17 जून 2024, उत्तर बंगाल. कांचनजंगा एक्सप्रेसला मागून मालगाडीने धडक दिली. मालगाडीचा लोको पायलट जागीच गेला आणि त्याच दिवशी त्याने सिग्नल तोडल्याचं जाहीर झालं. मेलेला माणूस खुलासा देत नाही.

पहाटेपासून त्या सेक्शनमधले ऑटोमॅटिक सिग्नल बंद पडले होते. अशा वेळी स्टेशन मास्तर लोको पायलटला लेखी परवाना देतो, की अमुक अमुक बिघडलेले सिग्नल लाल असले तरी ओलांड. दिलेला परवाना टीए 912 होता. त्यावर वेगाची मर्यादा लिहिलेली नव्हती. आयुक्तांच्या मते परिस्थिती अशी होती की टीडी 912 द्यायला हवा होता, म्हणजे एक गाडी पुढच्या स्टेशनला पोचेपर्यंत दुसरी आत सोडायचीच नाही. अहवालातली एक नोंद मी अनेकांना वाचून दाखवतो: बिघाड झाल्यापासून त्या सेक्शनमध्ये ज्या सात गाड्या शिरल्या, त्यांपैकी फक्त कांचनजंगाने प्रत्येक सिग्नलला थांबून सावकाश जाण्याचा नियम पाळला. उरलेल्या सहांनी नाही. एका चालकाने नियम मोडला तर तो बेपर्वा म्हणता येईल. सातांतले सहा एकाच तऱ्हेने वागतात तेव्हा परवान्याचा अर्थच सगळ्यांना तसा शिकवला गेलाय असं समजायचं. जो नियमाने हळू चालला त्याच्याच गाडीला मागून धडक बसली, हेही लक्षात घ्या. आयुक्तांनी याला होऊ घातलेला अपघात म्हटलं.

म्हणजे चालकांच्या चुका होतच नाहीत असं नाही. लाल सिग्नल ओलांडण्याचे प्रकार होतात, आणि त्यांत रात्रीच्या सलग ड्युट्या, अपुरी झोप, रनिंग रूममध्ये (चालक-गार्डच्या विश्रांतीच्या खोलीत) शेजारच्या पलंगावर चालू असलेला फोन या सगळ्याचा वाटा असतो. पण 'चूक' हा शब्द लिहिला की फाइल बंद करता येते, म्हणून तो इतका लाडका आहे.

आता रुळांकडे. गाडी घसरण्याच्या प्रकारांवर कॅगने 2022 मध्ये सविस्तर अहवाल मांडला. एप्रिल 2017 ते मार्च 2021 या काळातल्या घसरण्यांत 422 प्रकरणं इंजिनिअरिंग खात्याकडे, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्यांकडे येतात, आणि त्यांत सर्वांत मोठं कारण रुळांची देखभाल. ट्रॅक रेकॉर्डिंग कारने करायच्या तपासण्यांत 30 ते 100 टक्क्यांपर्यंत तूट होती. सुरक्षेसाठी 2017-18 मध्ये एक लाख कोटींचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष काढला, त्यातले काही पैसे पाय दाबायच्या यंत्रांवर आणि कपबश्यांवर गेल्याचंही त्याच अहवालात आहे. यावर मी काही बोलत नाही.

देखभाल म्हणजे काय ते जानेवारीच्या पहाटे इगतपुरी-मनमाड पट्ट्यात कीमनबरोबर, म्हणजे रोज पायी रूळ तपासणाऱ्या माणसाबरोबर, चालल्यावर कळतं. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल-हिरवे झेंडे आणि डेटोनेटर. त्यांना सगळे फटाकेच म्हणतात. हल्लीचे रूळ लांबच लांब जोडलेले, मध्ये फट नाही. थंडीत पोलाद आकसू पाहतं, आकसायला जागा नसते, ताण वाढतो आणि जिथे वेल्डिंग कच्चं असेल तिथे तडा जातो. उन्हाळ्यात उलट, रूळ बाजूला वाकतो. कीमन सुटलेली क्लिप ठोकत ठोकत पुढे जातो, नजर रुळाच्या माथ्यावर. तडा दिसला की त्याने करायचं ते असं: गाडी ज्या बाजूने येणार त्या बाजूला लाल झेंडा दाखवत पळत सुटायचं, 600 मीटरवर एक फटाका आणि 1200 मीटरवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतराने. चाकाखाली फटाका वाजला की चालक गाडी उभी करतो. अंधारात, खडीवरून, सव्वा किलोमीटर. 'रुळाला तडा गेल्याने लोकल उशिराने' ही बातमी वाचून आपण वैतागतो ना, तेव्हा तो तडा कुणाला तरी वेळेत दिसलेला असतो. 26 नोव्हेंबर 1998 ला पंजाबात खन्नाजवळ तुटलेला रूळ वेळेत दिसला नाही. एका गाडीचे डबे घसरून शेजारच्या रुळावर पडले, त्यावर सियालदह एक्सप्रेस आली. 200 हून अधिक मृत्यू.

काम करायला ब्लॉक लागतो, म्हणजे ठरावीक वेळ त्या रुळावरून गाडी सोडायची नाही. तोच मिळत नाही. 19 ऑगस्ट 2017 ला उत्तर प्रदेशात खतौलीजवळ उत्कल एक्सप्रेस घसरली, तिथे रुळाचं काम उघड्यावर चालू होतं. ब्लॉक नव्हता, लाल झेंडा लावलेला नव्हता, आणि कापलेला रूळ पूर्ण जोडायच्या आत गाडी पूर्ण वेगाने आली. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत काम उरकून घ्यायची ही सवय एका गँगची नव्हे. ब्लॉक मागून मागून नाही मिळाला की मुकादमावर दोन्हीकडून दडपण: काम राहिलं तर जाब, गाडी थांबवली तरी जाब. मुंबईत रविवारच्या मेगाब्लॉकला लोक शिव्या देतात. मला तो या देशातल्या रेल्वेत घेतलेल्या शहाण्या निर्णयांपैकी एक वाटतो, कारण तिथे निदान वेळ आधी जाहीर होतो आणि काम करणारा माणूस चोरासारखा काम करत नाही.

घातपाताबद्दल थोडक्यात. खरे घातपात झालेले आहेत. 28 मे 2010 ची ज्ञानेश्वरी एक्सप्रेस रुळाच्या क्लिपा काढून घसरवली होती आणि शेजारून आलेल्या मालगाडीने 148 जणांचा जीव घेतला. पण 20 नोव्हेंबर 2016 ला कानपूरजवळ पुखरायांला इंदूर-पाटणा एक्सप्रेस घसरली तेव्हा परकीय हाताची चर्चा महिनोन्‌महिने चालली, आणि सुरक्षा आयुक्तांच्या अहवालात कारण निघालं डब्यांचा यांत्रिक बिघाड, गंज आणि वेल्डिंगमधल्या भेगा. संशय घ्यायला हरकत नाही, मात्र तोवर बाकीच्या तशाच जुन्या डब्यांची तपासणी लांबणीवर पडते हा त्याचा तोटा.

कवचबद्दल विचारलंय. रुळांच्या मध्ये बसवलेले टॅग, स्टेशनवरचा रेडिओ टॉवर आणि इंजिनातला संच मिळून गाडी कुठे आहे, पुढचा सिग्नल काय आहे, वेग किती हवा हे ठरवतात आणि चालकाने दुर्लक्ष केलं तर ब्रेक लावतात. चांगली गोष्ट आहे. रंगापाणीसारखी मागून धडक, लाल सिग्नल ओलांडणं, जास्त वेग, यांवर ते औषध आहे, आणि आयुक्तांनी ते सर्वोच्च प्राधान्याने बसवायला सांगितलंय. पण कवचला तुटलेला रूळ दिसत नाही. दरड दिसत नाही. बहानगात इंटरलॉकिंगनेच मेन लाइन मोकळी असल्याचं सांगितलं होतं, तेच कवचलाही सांगितलं गेलं असतं. रेल्वे बोर्डानेही तेव्हा हे कबूल केलं. जाता जाता, 1999 च्या गैसलच्या समोरासमोर धडकेनंतर टक्कर टाळणारं यंत्र बनवायचा ध्यास घेतला तो कोकण रेल्वेच्या राजाराम बोज्जींनी, आणि त्याचं नाव होतं 'रक्षा कवच'. ते यंत्र मागे पडलं. आजचं कवच राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलं गेलं 2020 मध्ये.

मग सुरक्षितता वाढली का? वाढली, आणि हे मी रेल्वेवाला म्हणून सांगत नाही. रेल्वेच्या व्याख्येतले गंभीर अपघात 2000-01 मध्ये 473 होते, 2014-15 मध्ये 135 आणि 2024-25 मध्ये 31. त्यातला मोठा वाटा साध्या कामांचा आहे. ब्रॉडगेजवरची बिनराखणीची फाटकं जानेवारी 2019 पर्यंत बंद झाली. एलएचबी डबे आले, ज्यांची जोडणी अशी असते की डबा डब्यावर चढत नाही. खतौलीनंतर दहाच दिवसांनी, 29 ऑगस्ट 2017 ला, आसनगाव आणि वाशिंदच्या मध्ये मुसळधार पावसात रुळावर आलेली माती-दगड पाहून नागपूर-मुंबई दुरांतोच्या चालकाने ब्रेक मारला. इंजिनासह डबे घसरले, कुणी दगावलं नाही. डबे एलएचबी होते. उत्कलचे जुन्या बनावटीचे होते आणि एकमेकांवर चढले. वेग आणि जागा वेगळी होती, त्यामुळे अगदी सरळ तुलना करू नये, पण फरक खरा आहे.

अपघातातून शिकणं म्हणजे काय याचं आपल्याकडचं उदाहरण कोकण रेल्वे. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ कटिंगमधल्या दरडीमुळे हॉलिडे स्पेशल घसरली, सुमारे 50 माणसं गेली. पुढच्याच वर्षी 16 जूनला महाडजवळ करंजाडीला मत्स्यगंधा एक्सप्रेस दगडांवर आदळली. त्यानंतर कातळ छाटले, उतार कमी केले, जाळ्या ठोकल्या. पावसाळी वेळापत्रकात वेग कमी केला. दर पावसाळ्यात सहाशेहून अधिक माणसं गस्तीला असतात, काळी, सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुलांवर पूर मोजणारी यंत्रं, पानवळच्या पुलावर वारा मोजणारं. दिसेनासा पाऊस असेल तर ताशी 40 च्या वर जायचं नाही. मुंबईहून मडगावला पोचायला पावसाळ्यात जास्त वेळ लागतो तो यामुळे. इथे संस्थेने उशीर हा दोष मानायचं सोडलं, म्हणून जमलं.

पण अपघातांचे हे आकडे वाचताना सावध राहा. 2023-24 मध्ये अपघात फक्त 40, आणि त्यातल्या एकट्या बहानगाने जवळजवळ तीनशे माणसं नेली. शिवाय त्या मोजणीत न येणारे मृत्यू किती! मुंबई उपनगरी मार्गावर 2023 या एका वर्षात अडीच हजारांहून जास्त माणसं गेली, रूळ ओलांडताना आणि लोकलमधून पडून. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं पडली, तेव्हा कुठे बंद दारांचा विषय तातडीचा झाला. डॉ. अनिल काकोडकरांच्या समितीने फेब्रुवारी 2012 मध्येच रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे 15 हजार मृत्यू होतात, त्यातले सहा हजार मुंबईत, असा अंदाज देऊन याला कत्तल म्हटलं होतं. त्याच समितीने स्वतंत्र, कायद्याने स्थापन केलेलं रेल्वे सुरक्षा प्राधिकरण मागितलं होतं. ते अजून नाही. सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत, रेल्वे बोर्डाच्या हाताखाली नाहीत, ही चांगली सोय आहे; पण त्यांची शिफारस ही शिफारसच राहते.

पुढच्या वेळी अपघाताची बातमी वाचाल तेव्हा पहिल्या दिवसाचं निवेदन बाजूला ठेवा आणि तीन गोष्टींची वाट पाहा: तिथे अलीकडे रुळाचं किंवा सिग्नलचं काम झालं होतं का, त्यासाठी ब्लॉक मिळाला होता का, आणि त्याच विभागात तसाच प्रकार आधी झाला होता का.

आणि प्रवासी म्हणून एक. 22 जानेवारी 2025 ला पाचोऱ्याजवळ परधाडेला आगीची अफवा पसरली, पुष्पक एक्सप्रेस साखळी ओढून थांबली, लोक शेजारच्या रुळावर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली डझनभर माणसं सापडली. गाडी मध्येच थांबली तर उतरण्याची घाई करू नका. उतरावंच लागलं तर दुसरा रूळ ज्या बाजूला नाही त्या दाराने उतरा, आणि उतरल्यावर लगेच रुळांपासून लांब व्हा. शेजारच्या रुळावरची गाडी थांबवण्याचं काम लोको पायलट आणि गार्डचं आहे, त्यासाठी इंजिनावर पिवळा लुकलुकणारा दिवा असतो, पण तो लावल्यावर समोरच्याला दिसून त्याची गाडी थांबेपर्यंत तो बरंच अंतर कापून जातो.